राक्षसाची चव

हॅलोवीनच्या पार्टीसाठी लोक खाऊने भरलेले जे मोठमोठे लाकडी बोर्ड मांडतात, त्यातले निम्मे बघून माझी भूक मरते. हिरवा रंग घातलेलं क्रीम चीज, त्यात खुपसलेले प्लास्टिकचे कोळी, निळ्या जेलीत तरंगणारे जेलीचेच डोळे. फोटोत झकास दिसतं. पण पार्टी संपत आली तरी फोटोतला सगळा ऐवज जागच्या जागी असतो आणि पोरं कोपऱ्यात चिप्सची पिशवी फोडून बसलेली असतात. भीती वाटावी म्हणून केलेलं खाणं बघून कुणी घाबरत नाही आणि ते कुणी खातही नाही, मग उपयोग काय त्याचा?

माझं म्हणणं साधं आहे. पदार्थ आधी स्वतःच्या जिवावर चांगला हवा, आणि मग त्याचं फक्त एक काहीतरी बदलायचं. बिस्किटाला नख लावायचं. चीजला बँडेज गुंडाळायचं. एकच. बाकीचं काम बघणाऱ्याचं डोकं करतं. दोन-तीन गोष्टी बदलायला गेलं की भीती पळून जाते आणि नुसता रंगीत पसारा उरतो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. हॅलोवीनला आमच्याकडे घरचीच मंडळी जमतात. दीर-जाऊ पेनसिल्व्हेनियातून येतात, नणंद आणि तिचे यजमान जवळच राहतात, आणि सासू-सासरे पुण्याहून आलेले असले तर तेही. २०२४ साली ते होते, आणि त्या साली आणखी एक गंमत झाली होती. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला धरलं होतं. पण अमावास्या भारतात ३१ ऑक्टोबरला दुपारी लागली, म्हणजे आमच्याकडे त्याच तारखेला पहाटे-सकाळी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती संपलीसुद्धा. अमावास्येची संध्याकाळ आमच्या वाट्याला एकच आली, आणि ती नेमकी हॅलोवीनची. एका टेबलावर चौरंग, दुसऱ्या टेबलावर भुताटकी. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "पुढे ढकल ना तुझं ते बोर्डाचं." पण पोरांचा हॅलोवीन पुढे ढकलता येत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्यांचा धाकटा महिनाभर डायनासोर होऊन घरात फिरत होता.

बोर्डाच्या मध्यभागी भोपळा हवा, हे ठरलेलंच. इथे एक गोष्ट नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी घराला एकदा कळतेच: ऑक्टोबरमध्ये दुकानाबाहेर जे नारिंगी डोंगर रचलेले असतात, ते भोपळे खायचे नसतात. ते कोरायचे. आतून पाणचट, दोऱ्यादोऱ्यांचे, चवीला काही नाही. डब्यातून जो भोपळ्याचा गर मिळतो तो निराळ्या भोपळ्याचा. त्याचं पीक बरंचसं इलिनॉय राज्यात निघतं, तो भोपळा बाहेरून फिकट, मातकट आणि लांबट दिसतो, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात आपल्या लाल भोपळ्याच्याच जातीतला आहे. त्यामुळे त्या डब्यातल्या गराचे घारगे उत्तम होतात. फक्त गर पातळ असतो, तो गुळाबरोबर चांगला आटवून घ्यायचा, नाहीतर कणीक पीत जाते आणि घारगे वातड होतात. मी लाटून साच्याने कापते. वटवाघळाच्या साच्याने कापलेला घारगा तेलात फुगला की त्याचं बदक होतं. भुताचा साचा बरा. भूत फुगलं तरी भूतच.

कोरीव भोपळ्याचं खापर आयर्लंडवर फोडतात, पण तिथे भोपळा नव्हताच. तिथली माणसं सलगम कोरायची. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यातल्या शाखेत अशा एका कोरलेल्या सलगमाची प्लास्टरची प्रतिकृती ठेवली आहे. त्याचा फोटो बघितला तर आपले नारिंगी भोपळे बालवाडीतले वाटतील. सुरकुतलेला, दात विचकलेला, खरोखर मेलेल्या माणसाचा चेहरा. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक अमेरिकेत लोंढ्याने आले, आणि इथे त्यांना मोठा, मऊ, कोरायला सोपा भोपळा मिळाला. सोय झाली आणि धार गेली, असं माझं मत.

दारोदार खाऊ मागायचं मूळही असंच मेलेल्यांपाशी जातं. इंग्लंडात २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवसाच्या सुमाराला गरीब माणसं आणि पोरं घरोघर जाऊन त्या घरातल्या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना म्हणायची, आणि बदल्यात त्यांना छोटे गोड केक मिळायचे. आयर्लंडात याच दिवसांत सुक्या मेव्याचा एक ब्रेड करतात, त्यात अंगठी लपवतात. ज्याच्या तुकड्यात ती येईल त्याचं लग्न ठरलं. म्हणजे चॉकलेटं आली ती फार नंतर. अमेरिकेतली आजच्यासारखी कँडी मागायची पद्धत १९३० च्या दशकात रुळली, युद्धातल्या साखरेच्या रेशनिंगने थंडावली, आणि १९४७ साली रेशनिंग उठल्यावर पुन्हा जोरात आली.

बोर्डावरचा माझा हुकमी पदार्थ म्हणजे चेटकिणीची बोटं. कृती नानकटाईच्या वळणाची: लोणी, पिठीसाखर, मैदा, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला. पीठ मळून तास-अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं. खरी मेख बोट वळण्यात आहे. ओव्हनमध्ये ते फुगतं आणि पसरतं, म्हणून कच्चं बोट आपल्या करंगळीपेक्षाही बारीक ठेवायचं. बारीक फार झालं असं वाटलं की बरोबर झालं. मग दोन ठिकाणी चिमटीने दाबायचं, म्हणजे मधल्या पेरांच्या गाठी उठतात. गाठींवर सुरीच्या बोथट बाजूने तीन-तीन आडव्या रेघा. टोकाला सोललेला बदाम दाबून बसवायचा. वळलेली बोटं पुन्हा थोडा वेळ गार करायची आणि ३२५ फॅरनहाइटवर भाजायची, कडा जेमतेम तांबूस होईपर्यंत. बाहेर आल्यावर काही बदाम हलतातच. ते उचलायचे, खाली टोकभर रासबेरीचा जॅम घालायचा आणि परत दाबायचे. नखाच्या कडेने जॅम जेवढा बाहेर येतो तेवढंच रक्त. वर चमच्याने जॅम ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. ती बोटं नाहीत, ती जॅम-बिस्किटं.

पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा सासूबाई फराळाचे डबे उघडून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"अगं, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माणसाची बोटं तळायची?"

"भाजायची, आई."

"मग झालंच की!"

त्यांचा आक्षेप चवीला नव्हता. सणाच्या दिवशी घरात अभद्र काही नको, तोंडातून वाईट शब्दसुद्धा नको, हे त्यांचं शिस्तीचं अंग. मी वाद घातला नाही. पण बोटं वळता वळता डोक्यात दिवाळीचेच दिवस फिरत राहिले. धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे वात करून दिवा लावतो, तो यमासाठी. दुसऱ्या दिवशी नरकासुर. गोव्यात तर त्याचे अक्राळविक्राळ पुतळे करून रात्रभर मिरवतात, कुणाचा जास्त भयंकर याच्या स्पर्धा लावतात आणि पहाटे जाळतात. अमावास्येला पितरांना वाट दिसावी म्हणून मशाली दाखवायचं विधान जुन्या ग्रंथांत आहे. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री, सगळं शुभ-शुभ आटोपल्यावर, बायका सुपं वाजवत अलक्ष्मीला घराबाहेर हाकलायच्या. मध्यरात्र, अमावास्या, बाहेर घालवलेली एक अवदसा, आणि हातात झाडू. एवढं सगळं असून अभद्र म्हणे माझी बिस्किटं!

झाडूवरून आठवलं. बोर्डावर चेटकिणीचे झाडू असतात. दोरीसारखं सुटणारं मोझरेला चीज मिळतं, त्याच्या कांडीचे बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करायचे, एका टोकाने सुईने किंवा काट्याने उभे तंतू सोडवायचे, दुसऱ्या टोकात प्रेट्झेलची काडी खुपसायची, आणि जोडावर चाइव्हची हिरवी पात बांधायची. कांद्याच्या पातीची ही बारीक बहीण, पण कोरडी पात गाठ मारताना हमखास तुटते. माझी तुटताना बघून सासूबाईंना राहवलं नाही. "सोपट भिजवून घेतात तशी ओली करून घे, ताजी पात चालायची नाही अशी." गजरे बांधलेल्या माणसाचं ज्ञान. मी उकळत्या पाण्यातून दोन सेकंद पाती काढल्या आणि त्या दोऱ्यासारख्या वळायला लागल्या. मग त्याच बसल्या बांधत. अर्धे झाडू झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आतल्या खोलीत चौरंगाशेजारी ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारातून आणलेला नवा झाडू हळदीकुंकवाची वाट बघतोय, आणि इथे आपण खायचे झाडू बांधतोय. हातातला झाडू त्यांनी थोडा वेळ धरून ठेवला. मग निकाल दिला: "पूजेतला नाही ना हा? मग चालेल. पण तुझा तो बोर्ड चौरंगाच्या खोलीत यायचा नाही." हद्द ठरली. अशा हद्दी ठरवून दिल्या की घरात दोन सण सुखाने नांदतात.

आता खाणाऱ्यांचं. आमच्या घरातला बोर्ड म्हणजे पथ्यांची संयुक्त राष्ट्रसभा आहे. सासू-सासरे पक्के शाकाहारी, नणंदेचे यजमान काहीही खाणारे, एका भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी, आणि सगळ्यात धाकटा साडेतीन वर्षांचा. हॅलोवीनच्या खाऊत न दिसणारं मांस फार. मार्शमेलोत जिलेटिन असतं. कँडी कॉर्न नावाचा तो तिरंगी दाणा १८८० च्या दशकापासून अमेरिकेत आहे आणि मला मेणबत्ती चघळल्यासारखा लागतो. त्यातही बहुधा जिलेटिन असतं, आणि वरची चकाकी लाखेची. हो, तीच लाख, झाडावरच्या किड्यांची, जिची भारतातून निर्यात होते. अस्सल इटालियन पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या विरजणाशिवाय होतच नाही. चेडर घेताना पाकिटावर सूक्ष्मजीवांपासूनचं किंवा वनस्पतिजन्य विरजण लिहिलेलं बघून घ्यायचं, तसं सहज मिळतं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चेडरचा तो भडक केशरी रंग बघून "हा रंग कसला?" असं विचारलंच. शेंद्रीचा! इथल्या चेडरला रंग येतो तो शेंद्रीच्या बियांचा. कोकणात वाढलेल्या माणसाला शेंद्रीचं झाड सांगावं लागत नाही. त्यानंतर चेडरवरचा त्यांचा संशय गेला.

शेंगदाणा बोर्डावर अजिबात नाही, शेजारच्या ताटलीतही नाही, कारण लहान मुलं एकाच हाताने सगळीकडे फिरतात. म्हणून चिवडाही त्या वर्षी बिनदाण्याचा, डाळं आणि खोबऱ्याचा. आमच्या दारात एक निळसर-हिरवा भोपळा ठेवलेला असतो. तो दिसला की ॲलर्जीवाल्या मुलांना कळतं, इथे खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर असं काही मिळेल. २०१४ पासून ही पद्धत देशभर पसरली आणि माझ्या मते अलीकडच्या काळात या सणात झालेली ही सगळ्यात शहाणी भर आहे. द्राक्षं धाकट्यासाठी उभी चिरलेली, कारण गोल द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकतं. काळ्या रंगासाठी खाण्याचा कोळसा घालायची मध्यंतरी फॅशन आली होती. घरात रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसं असतील तर तो नादच नको, औषधही तो शोषून घेतो. काळं हवं तर काळी द्राक्षं आहेत, ऑलिव्ह आहेत, आणि आपल्याकडे कारळ्याची चटणी आहे. चक्क्यावर मीठ-लसूण घालून वर कारळ्याची चटणी जाड भुरभुरवली की उकरलेली कबरीची माती तयार. त्यात एक बोट खोचून ठेवायचं. बोर्डावर सगळ्यात आधी संपलं ते हे.

मांडणीबद्दल थोडंसंच सांगते, कारण इथे हौसेला मोल नाही. आधी वाट्या ठेवायच्या, मग मोठं चीज, मग फळं, आणि क्रॅकर, प्रेट्झेल, चकल्या सगळ्यात शेवटी. ओल्या द्राक्षाला टेकलेला क्रॅकर थोड्याच वेळात सादळतो. बँडेज गुंडाळलेलं ब्री चीज, म्हणजे पफ पेस्ट्रीच्या पट्ट्यांतलं, ओव्हनमधून काढून दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. लगेच कापलं तर ममीचं पोट फुटतं आणि सगळ्या बोर्डावर चीज वाहतं. पट्ट्यांवर अंड्याऐवजी दूध लावलं तरी रंग येतो. ताटात मीठ, लिंबू, कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या असतात. सासूबाईंना बोर्डावरची ही मोकळीक शेवटपर्यंत पटली नाही. जाता-येता त्या चटणी डावीकडे सरकवत होत्या.

सूर्य मावळतो सहाच्या आत. म्हणजे पूजेची वेळ आणि पोरांची दारोदार फिरायची वेळ अगदी एकच. त्यात त्या वर्षी न्यू जर्सीत ऑक्टोबरभर पाऊस असा पडलाच नव्हता आणि ३१ तारखेला उन्हाळ्यासारखी हवा होती, ऐंशी फॅरनहाइटच्या घरात. पोरं घामाघूम. दार सताड उघडं, कारण एक तर हवा हवी होती, आणि दुसरं म्हणजे लक्ष्मी यायच्या वेळेला दार लावायचं नसतं. उंबऱ्यावर रांगोळी, पणत्या, तिची पावलं. आणि त्या पावलांवरून एकापाठोपाठ एक स्पायडरमॅन, दोन सांगाडे, एक पिझ्झाचा तुकडा आणि एक अगदी लहानगी चेटकीण, जिला पणती बघायला खाली बसायचंच होतं. तिच्या आईने तिला उचललं, तर ती रडली. बाबा टोपल्यातून प्रत्येकाला दोन-दोन चॉकलेटं देत होते आणि प्रत्येकाला "हॅपी दिवाळी" म्हणत होते. एका सांगाड्याने "यू टू" म्हटलं.

पूजा आटोपून सगळे बोर्डाभोवती आले. नेहमी मी बोर्ड मांडून मोकळी होते, पण त्या दिवशी चीज आणि चक्का थोडा-थोडाच बाहेर काढत राहिले. इथे सरकारी सल्ला असा, की नाशिवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि त्या दिवशीच्या हवेत मला त्या दोन तासांचाही भरवसा वाटेना.

एक पदार्थ मी त्या वर्षी नव्याने ठेवला होता आणि त्याला कारण सासरे होते. आदल्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी कारिटाची गोष्ट सांगितली. सावंतवाडीकडे नरकचतुर्दशीला आंघोळीनंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, "गोविंदा" म्हणून ओरडायचं आणि त्याचा थेंब जिभेला लावायचा. ते फळ म्हणजे नरकासुर. "कडू जहर! पण लावल्याशिवाय फराळाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. माझ्या डोक्यात तेवढंच अडकलं. आपल्याकडे राक्षस कडू असतो. मारायचा, पण त्याची चव घ्यायची, आणि मगच गोडाला हात. इथे हॅलोवीनचा राक्षस नखशिखान्त गोड. नख बदामाचं, रक्त जॅमचं, भूत साखरेचं. पोरं भीती खातात आणि तोंड गोड करून निघून जातात. त्यात वाईट काही नाही, पण भीतीला स्वतःची अशी चव असावी, असं मला त्या चहावर वाटलं खरं.

कारीट कुठून आणणार? कारलं मिळतं. पातळ गोल चकत्या, मधल्या बिया काढलेल्या, मीठ लावून तासभर ठेवून पिळलेल्या, पण फार नाही, कडूपणा राहायला हवा. मग मंद आचेवर तळून वर तिखट, मीठ आणि आमचूर. कडा दातेरी, मधे भोक. बिया काढल्यावर प्रत्येक चकती म्हणजे आ वासलेलं दात असलेलं तोंड. इथे मला काहीही बदलावं लागलं नाही. काळ्या द्राक्षांच्या मधोमध वाटी ठेवली आणि पोरांना सांगितलं, ही वाटी मोठ्यांची आहे, तुम्हाला झेपायची नाही.

पाचव्या मिनिटाला थोरल्या पुतणीने एक तोंडात टाकली. चेहरा बघण्यासारखा झाला, पण ती थुंकली नाही. मग बाजार भरला. एक चकती न थुंकता गिळली तर एक चॉकलेट, असा भाव तिनेच काढला आणि जमाखर्चही तिनेच ठेवला. डायनासोरने शेपूट सांभाळत एक खाल्ली आणि पाणी मागितलं. भाच्याने तीन खाल्ल्या आणि चौथीसाठी भाव दुप्पट मागितला. नणंदेच्या यजमानांनी गुपचूप खाल्ल्या, त्यांना आवडल्या होत्या, म्हणून त्यांना चॉकलेट नामंजूर झालं. आवडलं तर ते शौर्य कसलं, असा निर्णय झाला.

बाबा खुर्चीत बसून हे बघत होते. "हे काहीच नाही," ते पोरांना म्हणाले, "कारीट याच्या दसपट कडू असतं." वाटीभोवती एकदम शांतता. मग पुतणीने विचारलं, "आजोबा, पुढच्या वेळी आणाल?" दीर म्हणाले, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात. भाचा म्हणाला, मग वाळवून आणा. वाळलेलं फुटेल का, आणि फुटलं तरी थेंब कुठून येणार, यावर जेवणं होईपर्यंत वाद चालला होता. कस्टम्सचा फॉर्म कुणी भरायचा, हे मात्र ठरलं नाही.